नकाशावर बंद असलेलं दुकान

"मॅडम, आपका बिझनेस पहले पन्ने पे ले आयेंगे, गॅरंटी के साथ," असं सांगणारा फोन मला रोज यायचा आणि नेमका मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत असताना यायचा. माझा नंबर त्या लोकांना कुणी दिला देव जाणे. मॅट्रेसचा ब्रँड कोणता, असं एकाने विचारलं. ब्रँड नाही, गादी आहे, कापसाची, असं म्हटल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून पाठ म्हणायला सुरुवात केली. मी फोन कापायची. कापता कापता बोटाला सवय झाली होती.

मग एका संध्याकाळी अब्बांनी जेवता जेवता सांगितलं, "या लग्नसराईनंतर मशीन देऊन टाकतो. अमरावतीचा माणूस पाहून गेला." मी विचारलं, का म्हणून. तर म्हणे, "गिऱ्हाईकच येत नाही ना बेटा. रिकामं यंत्र ठेवून काय करू?" आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. जणू घरातली जुनी सायकल विकायची गोष्ट चालली होती. माझं डोकं फिरलं.

आमचं गादीचं दुकान यवतमाळच्या जुन्या वस्तीत आहे. आजोबा खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजत फिरले, अब्बांनी पिंजायचं मशीन आणलं. आमच्याकडे लोक गादी विकत घ्यायला फारसे येत नाहीत, गादी भरून घ्यायला येतात. लेकीचं लग्न ठरलं की शेतकऱ्याच्या घरात पहिल्या वेचणीतला चांगला कापूस बाजूला पडतो. तो सगळ्या कापसाबरोबर व्यापाऱ्याच्या काट्यावर जात नाही. त्यातली सरकी काढून घेतात, रुई धुतलेल्या चादरीत बांधतात आणि ते गाठोडं आमच्याकडे आणून ठेवतात. भाव विचारत नाहीत, पावती मागत नाहीत. "पोरीचा हाय," एवढं म्हणतात आणि बाजाराला निघून जातात. पुढचं अब्बांनी समजून घ्यायचं. लेक सासरी गेली तरी बापाच्या वावरातल्या कापसावर झोपते. हे मी लहानपणापासून पाहत आले आणि यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता बायपासकडे फोमच्या गाद्यांची काचेची दुकानं झाली आहेत. पोरं मोबाइलवर पाहूनच ठरवतात. तेव्हा अब्बांचं म्हणणं मला खरंच वाटलं. मी सांगितलं, लग्नसराई संपली तरी मशीनला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक मी आणते. अब्बा हसले. "आण," म्हणाले. त्या हसण्याचा मला आणखीच राग आला.

माझ्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी मैत्रीण आहे. इंटरनेटवर शोधणाऱ्याला आपलं दुकान वर दिसावं म्हणून काम करणारी माणसं असतात, त्यांना एसईओवाले म्हणतात, हे तिनेच मला नीट समजावलं. नागपूरच्या एका बाईंचं नाव सुचवलं. मी लगेच फोन उचलला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. "डॉक्टरकडे जायच्या आधी कुठं दुखते ते तरी पाहशील का नाही?" तिचं म्हणणं असं की आधी तयारी कर. तुमची वेबसाइट कुणाच्या ताब्यात आहे, लोक काय टाइप करून तुम्हाला शोधतात, याआधी कुणी काय उपद्व्याप करून ठेवलेत, जुनी गिऱ्हाईकं का येईनाशी झाली, आणि तुला नेमकं हवं काय आहे. हे माहीत नसेल तर समोरचा काहीही गळ्यात मारेल. "अन् जो पहिल्या नंबरची गॅरंटी देते त्याचा फोन ठेवून द्यायचा. जो तुले काहीच विचारत नाही त्याचा तर आधी ठेवायचा."

वाटलं, एका रविवारचं काम आहे. तो रविवार काही संपता संपेना.

पहिलं संकट वेबसाइटचं. आमची एक वेबसाइट होती. बसस्थानकाजवळ एक जण फ्लेक्स छापायचा, लग्नपत्रिका करायचा आणि जमलं तर वेबसाइटही. त्याने ती अब्बांना करून दिली होती. तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड वगैरे सगळं, त्याच्याकडे. दुकानाच्या जागी आता ज्यूस सेंटर होतं आणि त्याचा फोन लागत नव्हता. वेबसाइट मात्र चालू होती. मी ती त्या दिवशी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत पाहिली. एक गोरं जोडपं पांढऱ्याशुभ्र पलंगावर लोळत हसत होतं. कोपऱ्यात दिवा. खाली इंग्रजीत झोपेबद्दल काहीबाही. कापूस हा शब्द सबंध वेबसाइटवर नव्हता. पत्त्यात गल्लीचं नाव होतं, शहराचं नव्हतं. मी अब्बांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, त्या जोडप्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोण हायेत?"

मग लोक काय टाइप करत असतील ते पाहायला मी 'यवतमाळ गादी' असं टाकलं. वर राजकारण आलं. कोण कुणाच्या गादीवर बसणार, त्याच्या बातम्या. खाली फोमवाले. त्याच्याही खाली एका महाराजांची गादी. आम्ही कुठेच नाही. शेवटी चिडून दुकानाचं पूर्ण नाव टाकलं, तेव्हा नकाशावर आमच्या गल्लीत एक ठिपका आला आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कायमचं बंद'.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानात त्या वेळी मशीन धडधडत होतं, मी गल्ल्यावर बसले होते, आणि जगाच्या लेखी आम्ही कायमचे बंद होतो. सोबत कुणीतरी टाकलेला फोटोही होता. आमचंच दुकान, आमचंच शटर, जमिनीला टेकलेलं.

तो फोटो पाहिला आणि मला सगळं कळलं असं वाटलं. पिंजायला लागलं की बारीक कापूस उडतो. हवेबरोबर रस्त्यावर जातो. समोर हॉटेल आहे, आलूबोंडे, समोसे, तर्री-पोहे. मी शाळेत शिकत असताना आमचा कापूस त्यांच्या तर्रीवर तरंगायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. शेवटी अब्बा आणि हॉटेलवाले काका चहा पीत बसले आणि ठरवलं की मशीन चालू असलं की शटर खाली. तेव्हापासून तसंच चाललं आहे. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शटर खाली आणि आतून धडधड म्हणजे दुकान जोरात चालू, बाजूच्या दारातून या. शटर वर म्हणजे आज काम नाही, अब्बा पेपर वाचत आहेत. पण हे नकाशाला कोण सांगणार? बाहेरगावचा माणूस येतो, शटर पाहतो, फोटो काढतो आणि 'बंद' म्हणून कळवून मोकळा होतो. म्हणजे आम्ही जितकं जास्त काम करायचो तितके जास्त बंद दिसायचो. मला रडावं की कपाळ बडवावं ते कळेना.

अब्बांवर मी तिथेच तोफ डागली. शटर वर ठेवूनच काम करायचं, काकांच्या तर्रीचं काकांनी पाहावं. अब्बा शांतपणे म्हणाले, "जबान देली हाय." मी म्हटलं, त्या जबानीपायी धंदा बुडाला. त्यांनी गमछा ओला केला, नाकातोंडावर बांधला आणि शटर तसंच खाली ठेवून मशीनकडे वळले.

दुकान चालू आहे हे नकाशावाल्यांना पटवायचं तर व्हिडिओ पाठवावा लागतो, हे मला मैत्रिणीने शोधून दिलं. रस्ता, पाटी, उघडं दुकान आणि आत चाललेलं काम, सगळं एका दमात दिसायला हवं. मधे थांबायचं नाही. उघडं दुकान आणि चाललेलं काम एकत्र दिसणं हीच तर आमची अडचण होती. मी काकांकडे गेले. थोडा वेळ कढईवर झाकण ठेवा, एवढंच मागितलं. काका म्हणाले, "ठेवतो ना बाई. पण तुह्या बापाले विचार आधी, त्याले जमते का." मला वाटलं, शब्द मोडायला जमतं का, असं म्हणत असतील.

अब्बांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. पिंजारी इस्त्रीचा शर्ट घालून पिंजत नाही, असं मी किती वेळा सांगितलं. तर म्हणे, "फोटो हाय ना? मग." पहिल्यांदा काढला तेव्हा ते मशीनसमोर पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ उभे राहिले. दुसऱ्यांदा पाटी दिसली नाही. पुढच्या वेळी सगळं जमलं होतं, पाटी, शटर, मशीनमधून ढगासारखा बाहेर येणारा कापूस, आणि ऐन वेळी अब्बांना खोकला लागला. तो थांबेना. व्हिडिओत दुसरं काही ऐकूच येईना. आमच्या घरात खोकला म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी वैतागून म्हटलं, अब्बा, एवढा वेळ दाबून धरा ना. त्यांनी मान हलवली, पाणी प्यायले आणि पुन्हा उभे राहिले. त्या वेळी मात्र व्हिडिओ चांगला आला. मी तो माझ्या फोन नंबरासकट पाठवून दिला आणि समोर जाऊन काकांची माफी मागितली, कारण झाकण ठेवूनही थोडा कापूस गेलाच होता.

उत्तर यायला वेळ लागणार होता. नागपूरच्या बाईंशी बोलायचा दिवस ठरला होता आणि तयारीतलं एकच काम राहिलं होतं, लोकांना विचारायचं. संध्याकाळी दुकानात एक शेतकरी आले, महागावकडचे. भाचीची गादी न्यायला आले होते. मी कागद-पेन घेऊन विचारलं, "मामा, तुम्ही आमचं दुकान कसं शोधलं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "शोधतो कायले? हारपलं होतं का तुमचं दुकान?"

म्हटलं, तसं नाही, कुणी सांगितलं, कुठं पाहिलं. ते म्हणाले, "माह्या मायची गादी तुह्या आजानं भरली. आता याच्यात काय सांगू तुले?" आणि गादी पिकअपमध्ये टाकून गेले. माझा कागद कोराच राहिला. अशा उत्तराचं एसईओवाल्या बाई काय लोणचं घालणार होत्या?

मग जुन्यांपैकी जे या वर्षी आले नाहीत त्यांना फोन करायचं ठरवलं. राळेगाव तालुक्यातल्या एक मावशी आठवल्या. मोठ्या लेकीची गादी त्यांनी आमच्याकडे भरली होती आणि धाकटीचं लग्न या उन्हाळ्यात आहे, हे मागच्या वर्षीच सांगून गेल्या होत्या. फोन लावला. हालहवाल झाली. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "मावशी, धाकटीले फोमची गादी घेतली वाटते?"

"फोमची कायले घेऊ वं? कापूस घेऊन आलती ना मी तुमच्याकडे."

कधी, म्हणून विचारलं.

"संक्रांतीच्या मांगंपुढं. सकाळची यष्टी धरून आलती पोट्ट्याले घेऊन. शटर खाली होतं, म्हून बाजूच्या दारातून गेलो. तुह्ये अब्बा खाली बसले होते, भितीले टेकून. मशीन सुरूच होतं अन् हे बसले होते. मले म्हणे, बाई, आता होत नाही माह्याच्यानं. म्या बंद केलं. दुसरीकडे भरून घे म्हणे." मग त्यांनीच विचारलं, "तुले माहीत नाही का? मले म्हणे, पोरीले नको सांगू. मले वाटलं, आतापर्यंत तं सांगतलंच असन."

मी विचारलं, आणखी कुणाला असं परत पाठवलं का. त्या म्हणाल्या, त्यांच्या गावातल्याच दोघी-तिघींना. सकाळी येणारे सगळे तसेच परत जात होते. सकाळी मी शाळेत असायची. मग मावशी सहज म्हणाल्या, "माह्या पोट्ट्यानं ते मोबाइलवर टाकून देलं, नकाशावर, दुकान बंद झालं म्हून. लोकायची खेप वाया जाऊ नये ना. चुकलं का त्याचं?"

नाही चुकलं, मी म्हटलं.

त्या दिवशी मला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. फोमवाल्यांवर काढून झाला होता. फ्लेक्सवाल्यावर, नकाशावर, शटरवर, काकांच्या तर्रीवर काढून झाला होता. आठवडेच्या आठवडे मी गिऱ्हाईक का येत नाही त्याचा शोध घेत होते आणि गिऱ्हाईक येतच होतं. गाठोडी घेऊन बाजूच्या दारापर्यंत येत होतं आणि माझा बाप त्याला हात जोडून परत पाठवत होता.

दुकानात गेले तेव्हा मशीन बंद होतं. अब्बा टाके घालत होते. गादीवर एका बाजूला झुकून, लांब सुई ओढायची, मग थांबून श्वास घ्यायचा, मग दुसरी. हे मी रोज पाहत होते. म्हातारपण म्हणून सोडून देत होते.

"राळेगावच्या मावशीले फोन केला होता मी," म्हटलं.

त्यांनी सुई खाली ठेवली नाही. "बोलली का ती?"

"काहून सांगितलं नाही मला?"

"तुले सांगतलं असतं तं काय केलं असतं तू?"

"डॉक्टरकडे नेलं असतं."

"ते तं मी जाऊन आलो. त्यानं सांगतलं, कापूस भरला छातीत. पिंजणं सोडा म्हणे. ते नाही विचारून राह्यलो. मशीनचं काय केलं असतं?"

मी पटकन बोलून गेले, "मी चालवलं असतं."

अब्बांनी आता सुई ठेवली. "म्हूनच नाही सांगतलं," म्हणाले. "गिऱ्हाईक नाही म्हटलं तं मशीन विकता येते. गिऱ्हाईक हाय अन् मी थकलो म्हटलं तं तू शाळा सोडशीन. मले तुह्या छातीत नाही भरायचा हा कापूस."

मी खूप बोलले. खोटारडे म्हटलं. व्हिडिओसाठी मला नाचवलं, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि हे सगळं माहीत असताना. ते म्हणाले, "तू इतकी लागली होती कामाले, म्हटलं होऊन जाऊ दे." मग मला रडू आलं, आणि रडता रडताही मी चिडलेलीच होते. मशीनला पंखा लावू, धूर ओढतात तशी हवा ओढून घेणारं काही बसवू, माणूस ठेवू, असं एकेक सुचवत गेले. ते प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत होते. माणूस ठेवायचं म्हटल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "कोणाचं लेकरू आणू?"

नागपूरच्या बाईंना मी फोन केला नाही. त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला नेमकं काय हवंय, आणि तयारी एवढी करूनही त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, निदान नकाशावाल्यांकडे पाठवलेलं तरी रद्द करून टाक. मी म्हटलं, करते. केलं नाही.

अमरावतीच्या माणसाने टेम्पो आणला आणि मशीन नेलं. त्यानंतरच्या एका दुपारी मोबाइलवर संदेश आला. व्हिडिओ तपासला आहे, आपला व्यवसाय आता सगळ्यांना 'सुरू' दिसेल, अभिनंदन. मी तो वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. अब्बा आतल्या खोलीत पडले होते.

फोन वाजला. अनोळखी नंबर. मला वाटलं, पहिल्या पन्न्यावर नेणारा. पण मुलगी होती, आवाजावरून लहानच. पुण्यात नोकरी करते म्हणाली, गाव इकडचंच, आर्णीकडे. लग्न ठरलंय. बाबांनी कापूस ठेवलाय, पण कुठे भरून घ्यायचा ते त्यांना माहीत नाही, आजी होती तोवर ती बघायची. शोधता शोधता तुमचं दुकान दिसलं. "नकाशावर चालू दाखवून राह्यले ना तुम्ही," ती म्हणाली. "शनिवारी बाबांले पाठवू का कापूस घेऊन?"

हेच तर मला हवं होतं. इतके दिवस यासाठीच मी जिवाचं रान केलं होतं.

"दुकान बंद झालं बेटा," मी म्हणाले. तिने विचारलं, कायमचं का. हो म्हटलं. ती "बरं" म्हणाली, आणि विचारलं, मग दुसरं कोणी आहे का असं भरून देणारं. मला एकही नाव आठवलं नाही. तिने फोन ठेवला.

आतून अब्बांचा आवाज आला. ते जागे होते. "पहिल्याले सांगताना जड जाते," म्हणाले. "मलेही गेलतं. दुसऱ्याले सोपं होते."

ते खोटं बोलत होते. दुसरा फोन संध्याकाळी आला, आणि मला तोही तितकाच जड गेला.